काडी लावली, की काम संपलं?

वऱ्हाडातल्या कुठल्याही गावात विचारा, घरचा कचरा कुठं टाकता? उत्तर एका दमात येतं. "कुठी टाकता जी? पेटवून द्याचा."

आणि तो खरंच पेटवून दिला जातो. रोज. घरोघरी.

सकाळी सडा पडतो, अंगण झाडून होतं, केर कोपऱ्यात लोटला जातो. त्यात कडुनिंबाचा पाला असतो, कांद्याची टरफलं असतात, पोराच्या चिप्सचं चकचकीत पाकीट असतं, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या असतात, अंगठा तुटलेली स्लिपर असते. खाली चार पऱ्हाट्या, वर हे सगळं, मग एक काडी. दहा मिनिटांत ढीग बसतो. अंगण लख्ख.

हवा कोण झाडणार?

थंडीच्या दिवसांत हा धूर वर जातच नाही. जमिनीलगतची गार हवा त्याला दाबून धरते आणि सूर्य कासराभर वर येईपर्यंत गावावर निळसर पट्टा तरंगत राहतो. लांबून पाहणाऱ्याला ते धुकं वाटतं. जवळ गेलं की घसा सांगतो काय आहे ते.

म्हणाल, जाळणं काय आजचं आहे? आमचे आजे-पणजे जाळतच होते. होते ना. पण काय जाळत होते? पाला आणि काडीकचरा. तेही फारसं नाही. कारण सुती चिंधीला गोधडीत जागा होती, पाल्याला उकिरड्यात, शेणाला गोवरीत आणि राखेला भांडी घासायच्या वाटीत. जाळण्याजोगं घरात फार काही उरतच नव्हतं. आज आजोबांचं नाव सांगून आपण जे जाळतो, ते आजोबांनी डोळ्यांनी पाहिलंही नव्हतं.

जळतं काय, ते एकदा नीट बघा. लोखंड जळत नाही, ते कबाडीवाला नेतो. रद्दी जळत नाही, तिला किलोचा भाव आहे. पाण्याची बाटली, दारूची बाटली, पुठ्ठा, सगळ्याला गिऱ्हाईक आहे. उरतं ते वेफर्सचं पाकीट, शाम्पूची पुडी, खर्र्याची पन्नी, डायपर, फाटकी चप्पल. म्हणजे ज्याला बाजारात भाव नाही, ते सगळं विस्तवात. आणि नेमकं तेच सर्वांत घातक जळतं.

साधी पन्नी जळाली की काजळी आणि विषारी वायू. चपलेचा तळवा, रेक्झिन, वायरचं आवरण किंवा पीव्हीसी पाइपचा तुकडा असला, की मामला आणखी बिघडतो. त्यात क्लोरीन असतं. धुमसत, अर्धवट जळताना त्यापासून डायॉक्सिन नावाची विषं तयार होतात. साधारण २०० ते ४०० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात त्यांची पैदास सर्वांत जोरात होते. अंगणातला ढीग किती तापतो? बहुतेक वेळा तेवढाच.

बरं, हे विष फक्त नाकातून जातं असंही नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते, माणसाच्या शरीरात पोचणाऱ्या डायॉक्सिनपैकी ९० टक्क्यांहून अधिक अन्नातून पोचतं. दूध, मांस, मासे यांतून. धूर गवतावर बसतो, गवत म्हैस खाते, तिच्या चरबीतून ते दुधाच्या सायीत उतरतं. माणसाच्या शरीरात शिरलेलं डायॉक्सिन निम्म्यावर यायला ७ ते ११ वर्षं लागतात.

ढीग मात्र दहा मिनिटांत संपला होता.

अमेरिकेत हे मोजून झालंय. तिथल्या खेड्यांतही लोक परसात लोखंडी पिंपात घरचा कचरा जाळत. तिथल्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं १९९० च्या दशकात असं पिंप पेटवून त्याचा धूर तपासला. निघालं काय? दोन-चार डझन घरं रोज पिंपात कचरा जाळत असतील, तर हजारो घरांचा कचरा जाळणाऱ्या आणि धूर गाळून सोडणाऱ्या एका मोठ्या भट्टीइतकं डायॉक्सिन ती सोडू शकतात.

दोन-चार डझन घरं! आपल्याकडं एका गल्लीत तेवढी भरतात.

आणि अंगणातल्या ढिगावर हे थांबतं असं समजू नका. पावसाळ्यात कधी एखाद्या चुलीपाशी बसा. पऱ्हाटी ओली, तुराटी ओली, जाळ धरत नाही. मग कोपऱ्यातली रिकामी पन्नी येते. तिचा पिळा करायचा, एक टोक पेटवायचं आणि चुलीच्या तोंडाशी लाकडावर धरायचं. वितळलेलं प्लास्टिक थेंब थेंब गळतं, फर्र फर्र आवाज करत लाकडावर पडतं, जाळ धरतो. लगेच तवा चढतो. फुंकणी बाईच्या तोंडात, मांडीला टेकून पोर, वर छपरात काळा धूर. गॅसची टाकी तिथंच भिंतीशी उभी असते. रिकामी. ती भरायला या महिन्यात पैसे नाहीत.

या बाईला दोष द्यायचा? त्या घटकेला तिच्या हातात दुसरं काय होतं?

दोष द्यायचाच तर तिच्या दारापर्यंत रोज नवं प्लास्टिक पोचवणारी आणि ते परत न्यायला कधीच न येणारी व्यवस्था आहे ना. पाच रुपयांचं पाकीट मेळघाटातल्या पाड्यापर्यंत बरोबर पोचतं. रिकामं पाकीट परत आणायला मात्र रस्ता सापडत नाही.

कायदा नाही असं नाही. राष्ट्रीय हरित लवादानं डिसेंबर २०१६ मध्ये सांगून टाकलं, उघड्यावर कचरा जाळायचा नाही. साधं जाळलं तर ५ हजार रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळलं तर २५ हजार. तुमच्या गावात आजवर किती पावत्या फाटल्या?

मलाही त्या पावत्या नको आहेत. ज्या गावात घंटागाडी फिरकत नाही, तिथं गरिबाच्या अंगणात जाऊन ५ हजारांची पावती फाडायची हा अन्याय होईल. आधी गाडी पाठवा. मग पावती पुस्तक काढा.

आता याच वऱ्हाडातल्या एका गावाकडं, रिद्धपूरकडं येऊ.

मोर्शी तालुक्यातलं रिद्धपूर. गोविंदप्रभूंचं गाव, महानुभावांची काशी. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी पंथप्रवर्तक चक्रधरांच्या आठवणी गोळा केल्या आणि लीळाचरित्र सिद्ध झालं ते इथं. मराठी गद्याचा पहिला मोठा ग्रंथ या मातीतला. त्या गावाला २०२३ च्या अर्थसंकल्पात मराठी भाषा विद्यापीठ जाहीर झालं, २०२४ मध्ये ते सुरूही झालं. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला मराठीला अभिजात दर्जा मिळाला. आनंदच आहे. सातशे वर्षं उशिरा का होईना, रिद्धपूरचा नंबर लागला.

पण विद्यापीठ म्हणजे फक्त ग्रंथ नव्हेत. पोरं येणार, खोल्या भाड्यानं जाणार, खानावळी निघणार, चहाच्या टपऱ्या लागणार. देशभरातून येणारे महानुभाव यात्रेकरू तर वर्षानुवर्षं आहेतच. माणूस आला की त्याच्या मागं त्याचा कचरा आला. तीर्थक्षेत्र विकासाच्या आराखड्यात रस्ता असतो, भक्तनिवास असतो, प्रवेशद्वार असतं, दिवे असतात.

कचऱ्याला किती पानं असतात?

इथं कायद्यातली एक खोच सांगायला हवी. २०१६ साली केंद्र सरकारनं घनकचरा व्यवस्थापनाचे नियम केले. कचरा घरातच वेगळा करा, ओला, सुका, घातक असा. उघड्यावर जाळू नका, पुरू नका, नाल्यात टाकू नका. उत्तम नियम. लागू कुणाला? शहरांना, जनगणनेनं शहरी ठरवलेल्या गावांना, रेल्वेला, विमानतळांना, लष्कराला. साधं खेडं त्या यादीत नव्हतं. म्हणजे रोज पहाटे धुमसणारं गाव बाहेरच. पण त्याच यादीत आणखी एक ओळ होती. राज्य सरकार अधिसूचित करेल ती तीर्थक्षेत्रं आणि धार्मिक, ऐतिहासिक महत्त्वाची ठिकाणं.

रिद्धपूर धार्मिक नाही? ऐतिहासिक नाही? मग त्या ओळीचा उपयोग कुणासाठी होता?

शिवाय याच नियमांत मोठ्या कचरा-उत्पादकाची व्याख्या होती. दिवसाला सरासरी १०० किलोंहून अधिक कचरा करणारी संस्था. वसतिगृह आणि खानावळ असलेल्या विद्यापीठाला तो आकडा गाठायला वेळ लागत नाही. अशा संस्थेनं ओला कचरा होता होईतो आपल्याच आवारात जिरवायचा असतो. अभ्यासक्रम ठरले, विभाग ठरले. कंपोस्टचे हौद पहिल्या इमारतीबरोबरच बांधले जावेत. दहाव्या वर्षी निविदा काढून नकोत.

कचरा टाकायचा कुठं, हा प्रश्न बेटांवरच्या लोकांना लवकर टोचतो. बेटावर कचरा लोटायला शेजारचं गाव नसतं. आपल्या महाराष्ट्रातलंच घारापुरी घ्या. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या, त्यांची एक ग्रामपंचायत. समुद्राखालून केबल टाकून तिथं वीज पोचली २०१८ साली. लेणी बघायला बोटी भरभरून माणसं येतात. येताना माणूस बाटली घेऊन येतो, जाताना एकटाच जातो.

मालदीवनं वेगळी युक्ती केली. राजधानी मालेचा कचरा टाकायला १९९२ पासून थिलाफुशी हे उथळ खाजण भरायला घेतलं. भरता भरता कचऱ्याचंच बेट तयार झालं. मग तिथं तो वर्षानुवर्षं उघड्यावर जाळला. माले तिथून काही किलोमीटरवर. वारा फिरला की राजधानीचा कचरा धुराच्या रूपानं राजधानीत परत.

रिद्धपूरच्या भोवती समुद्र नाही, संत्र्याच्या बागा आहेत. त्यानं काय फरक पडतो? गावाबाहेर ढकललं म्हणजे कुणाच्या तरी बांधावरच गेलं.

वैशाखात शेणखत फेकलेलं शेत बघा. उकिरडा उपसून ट्रॉल्याच्या ट्रॉल्या शेतात जातात. पूर्वी ते खत काळं-तपकिरी दिसायचं. आता शेत लांबून चमकतं. पन्न्या, पाकिटं, अर्धवट जळलेले प्लास्टिकचे गोळे. डवऱ्याला अडकतात, पावसात वर येतात, बैलाच्या पोटात जातात. फवारणीचे रिकामे डबे त्यातच. याच वऱ्हाडात, यवतमाळ जिल्ह्यात, २०१७ साली फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्या औषधांचे डबे आजही कुठं जातात? कबाडीत, चुलीत, नाही तर धुऊन पाणी भरायला.

यावर हमखास एक उपाय सुचवला जातो. यंत्र घ्या. कचरा जाळायचं यंत्र. बटण दाबलं की राख. ठेकेदार येतो, रंगीत माहितीपत्रक देतो. सरपंचाला फीत कापायला मिळते, सदस्यांना फोटो.

ठेकेदाराला एकच प्रश्न विचारा. तापमान किती?

कारण २०१६ च्या त्याच नियमांनी भट्टीसाठी पातळी घालून दिली. दुसऱ्या कक्षात किमान ९५० अंश सेल्सिअस आणि धूर तिथं किमान २ सेकंद राहिला पाहिजे, म्हणजे डायॉक्सिन मोडतं. नंतर तो धूर गाळायचा, तपासायचा, राख सुरक्षित पुरायची. हे सांभाळायला सतत वीज हवी, शिकलेला माणूस हवा, कोरडा कचरा हवा. आपल्या घरातला निम्म्याहून अधिक कचरा ओला. आणि वीज? उन्हाळ्यात ती कधी जाते हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. भट्टी तापता तापता लाइट गेली, की आत जे धुमसत राहतं त्याला अंगणातल्या ढिगापेक्षा वेगळं काय म्हणायचं?

पत्र्याचं पिंप आणि त्याला उंच चिमणी, याला इन्सिनरेटर म्हणायचं बंद करा.

एका बाबतीत मात्र हे यंत्र खरंच शाळाशाळांत पोचलं आणि तिथं थोडं थांबून बोललं पाहिजे. कारण याविषयी बोलायला कुणी तयार नसतं. सॅनिटरी पॅड.

मार्च २०१८ मध्ये राज्यानं अस्मिता योजना आणली. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना ८ पॅडचं पाकीट ५ रुपयांत. चांगली योजना होती. जुन्या ओलसर कापडापेक्षा पॅड बरं, यात वाद नाही. पण वापरलेलं पॅड टाकायचं कुठं, हे त्या पाकिटावर वाचून सुटत नाही. कचराकुंडी नाही. घंटागाडी नाही. उकिरड्यावर टाकलं तर कुत्रं ओढून रस्त्यावर आणतं. संडासात टाकलं तर खड्डा तुंबतो. घरात सांगायची चोरी. मग पोर काय करते? कागदात गुंडाळून न्हाणीच्या मागं लपवते आणि सांज झाली, घरातले पुरुष बाहेर गेले, की काडी लावते. ओलं पॅड जळत नाही. नुसतं धुमसतं. ती काठीनं ते उलटंपालटं करत, ओढणी नाकाला लावून उभी राहते. दर महिन्याला.

बारा-तेरा वर्षांच्या पोरीवर आपण गावाचं कचरा व्यवस्थापन टाकलंय.

शाळेतली छोटी विजेची यंत्रं तरी काय करतात? बऱ्याच जागी ती बंद असतात. चालू असली तरी ९५० अंश गाठतात का, हे कोण मोजतं? पॅड आणि डायपर बनवणाऱ्यांनी विल्हेवाटीसाठी प्रत्येक पाकिटात पिशवी किंवा वेष्टन द्यावं, असं २०१६ च्या नियमांनी सांगितलं. वापरणाऱ्यानं त्यात गुंडाळून सुक्या कचऱ्यात द्यावं, असंही सांगितलं. द्यावं ते कुणाकडं? घेणारा हातच नेमलेला नाही. आठवड्यातून दोनदा एक झाकणाचा डबा गावातून फिरला आणि तालुक्याच्या ठिकाणी दवाखान्यांचा कचरा उचलणाऱ्या गाडीशी त्याची गाठ घालून दिली, तर ही पोर त्या धुरातून सुटते. खर्च फार नाही. तो विषय ग्रामसभेत उच्चारायचं धाडस तेवढं लागेल.

आता उकिरडा गावात कुठं असतो, तेही बघा. पाटलाच्या वाड्यामागं असतो? चौकात असतो? तो कायम गावाच्या कडेला, आणि कडेला कुणाची घरं असतात, हे मी लिहायला हवं का? ढीग सगळ्या गावाचा, धूर पहिल्यांदा त्यांच्या दारात.

आणि हे रिद्धपूरच्या परिसरात तरी चालू नये. गोविंदप्रभूंच्या चरित्रात एक लीळा आहे. पाण्यावाचून हाल सोसणारे मातंग त्यांच्याकडं आले, आणि प्रभूंनी त्यांच्यासाठी विहिरीची जागा दाखवली. सातशेहून अधिक वर्षांपूर्वी. ज्यांना गाव पाणी देत नव्हतं, त्यांच्यासाठी पाणी. आज आपण त्यांच्या वस्तीलगत काय देतो आहोत?

महानुभाव पंथ अहिंसेबाबत कडक. मग पन्नी खाऊन तडफडणारी गाय कोणत्या खात्यात धरायची? उपहाराच्या पंगतीत थर्माकोलची ताटं कशाला? राज्यानं ती २०१८ सालीच बंद केलीत. पळस इथं पाऊलवाटेलाही उगवतो. पळसाची पत्रावळ जेवण झाल्यावर खड्ड्यात टाका, पावसाळ्याअखेर तिची माती झालेली असते. मठांनी आणि संस्थांनी एकदा ठरवलं, तर यात्रेकरू ऐकतील. सरकारचं ऐकत नाहीत, मठाचं ऐकतात.

संत्र्याचंही बोलायला हवं. मोर्शी-वरूडच्या पट्ट्यात फळगळ झाली की ढीगच्या ढीग नाल्याकाठी ओतले जातात. ते सडतात, माशा होतात, बुरशी परत बागेत जाते. नीट खड्डा करून, शेण-मातीचे थर देऊन कुजवलं तर खत. रस्त्याकडेला टाकलं तर दुर्गंधी. माल एकच, फरक फावड्याचा.

गाडगेबाबांचं नाव यायलाच हवं, नाही का? अमरावती जिल्ह्यात स्वच्छतेवर बोलायचं आणि बाबांना वगळायचं, हे शक्य नाही. शेंडगावात जन्मले, २० डिसेंबर १९५६ ला वलगावजवळ पेढी नदीपाशी गेले. दिवसा गाव झाडायचे, रात्री कीर्तनात माणसं झाडायचे. त्यांच्या नावानं राज्यानं २०००-०१ पासून ग्रामस्वच्छता अभियान चालवलं. त्यानं खेडी बदलली, हे मोकळेपणानं मान्य करू. पण तपासणी समितीची तारीख कळली, की आठ दिवस आधी झाडू निघायचे, आणि झाडून काढलेला सगळा ढीग गावाच्या शिवेवर पेटवून दिला जायचा, हेही आपण सगळ्यांनी पाहिलंय.

समितीला गाव स्वच्छ दिसलं. धूर कुणाच्या गुणपत्रिकेत?

आणि तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत ग्रामशुद्धीला वेगळा अध्याय दिलाय. त्यांची मोझरी इथून लांब नाही. आपल्याकडं मार्गदर्शनाची टंचाई कधीच नव्हती.

मग जमतं का कुणाला? जमतं. कोकणात वेंगुर्ल्याच्या नगर परिषदेनं घराघरातून कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली आणि कचरा डेपोच्या जागेचं असं काही केलं, की लोक ती बघायला जाऊ लागले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यानं करवसुलीची गाठ सेवेशी घातली. कर भरा, दळण फुकट. लोकांनी कर भरला, पैसे आले, गाव झाडलं गेलं. माणूस कर चुकवतो कारण बदल्यात काही मिळत नाही. मिळायला लागलं की भरतो.

सर्वांत बोलकं उदाहरण जपानचं. शिकोकू बेटावर डोंगरात कामिकात्सू नावाचं दीडेक हजार वस्तीचं गाव आहे. तेही आधी कचरा उघड्यावर जाळायचे. मग त्यांनी छोट्या भट्ट्या बसवल्या, म्हणजे आपल्याला आज जे यंत्र विकलं जातंय तेच. १९९९ साली जपाननं डायॉक्सिनविरोधी कायदा केला, त्या कसोटीला भट्ट्या उतरेनात, आणि नवं शतक उजाडताना त्या बंद पडल्या. नवी भट्टी परवडणार नव्हती. म्हणून गावानं कचरा वेगळा करायला घेतला. आज चाळीसहून अधिक प्रकार. ओलं घरच्या घरी कुजवायचं, बाकी स्वतः केंद्रावर नेऊन द्यायचं. म्हातारी माणसंही करतात. २००३ साली त्यांनी ठराव केला, २०२० पर्यंत कचरा शून्यावर. शून्य झाला नाही, सुमारे ८० टक्के कचरा पुन्हा वापरात जातो. राहिलेल्या वीस टक्क्यांत डायपर, पॅड, चपला.

तीच यादी, बघितलंत? जपानी गावातही तेच उरलं, जे आपल्या न्हाणीमागं धुमसतंय. याचा अर्थ सरळ आहे. ओलं गावात जिरवा, विकण्याजोगं विका, तर जाळायला म्हणून उरतं ते इतकं थोडं, की त्यासाठी गावानं स्वतःची भट्टी बांधणं म्हणजे पैशाची नासाडी. ते पोत्यात भरून तालुक्याला जाऊ द्या. शेती असलेल्या गावाला तर हे कामिकात्सूपेक्षा सोपं आहे. तिथं डोंगर, इथं खत मागणारी काळी जमीन.

पैशाचं कारण पुढं येईल. येऊ द्या. स्वच्छ भारत मिशनच्या दुसऱ्या टप्प्यात घनकचऱ्यासाठी ५ हजारांपर्यंतच्या गावाला माणशी ६० रुपये धरले होते, त्याहून मोठ्या गावाला माणशी ४५. पूर्ण ५ हजारांचं गाव धरा, ३ लाख रुपये होतात. त्यातला ७० टक्के वाटा मिशनचा, उरलेला वित्त आयोगाच्या निधीतून. तीन लाखांत काय येतं? एखादी छोटी गाडी आणि चार खड्डे. एकदाच. गाडी चालवणाऱ्याचा पगार, डिझेल, पंक्चर, हे दर महिन्याला कुठून? ते पंचायतीनं बघायचं.

इथंच सगळ्या गाड्या उभ्या राहतात. उद्घाटनाच्या दिवशी हार घातलेली घंटागाडी सहा महिन्यांनी पंचायतीच्या आवारात चाकं जमिनीला टेकून उभी दिसते. गाडी द्यायला योजना आहे. गाडी चालवायला माणूस द्यायला योजना नाही.

आणि तो माणूस मिळाला तरी त्याला आपण काय देतो? हातमोजे? बूट? महिन्याच्या महिन्याला पगार? की "झाडायवाला" म्हणून हाक, आणि उघड्या हातांनी पॅड, काचा, सुया उचलायची सक्ती?

घराकडून अपेक्षा फार नाही. दोन डबे. तिसरा पॅड-डायपरचा, झाकणाचा. कांद्याचं टरफल आणि वेफर्सचं पाकीट एका मुठीत टाकायचं नाही, इतकंच. चुलीच्या तोंडाशी पन्नी धरायची नाही. रोज दोन रुपये पंचायतीला देता आले तर द्यायचे, खर्र्याला त्याहून जास्त जातात.

पंचायतीकडून अपेक्षा मात्र आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. ग्रामसभेच्या तारखा पाठ असतीलच. यातली जी पुढची येईल, त्या दिवशी उठा आणि विचारा. गाडी आठवड्यातून किती दिवस येणार आणि चालवणाऱ्याचा पगार कुठल्या खात्यातून निघणार? ओल्याचा खड्डा कुठं, आणि तो याही वेळी त्याच वस्तीजवळ का? पॅड आणि फवारणीचे डबे कोण नेणार? जाळायच्या यंत्राचा प्रस्ताव असेल, तर तापमानाचा कागद कुठं आहे?

सरपंच म्हणतील, बघू. ग्रामपंचायत अधिकारी म्हणतील, वरून निधी येऊ द्या. तेही उत्तरच आहे. प्रोसिडिंगात ते जसंच्या तसं लिहून घ्या, तारीख घाला, आणि खाली जितक्या बाया हजर असतील तितक्यांच्या सह्या घ्या.